कोकणातल्या कॉलेजात टॅब-मोबाइलवर शिकवताय? या चुका टाळा

जून उजाडला की आमच्याकडे नवे प्राध्यापक रुजू होतात, अनुदानातून आलेले टॅब कपाटात जाऊन बसतात आणि त्याच त्या चुका नव्याने सुरू होतात. मी वनस्पतिशास्त्र शिकवते. टॅब आणि मोबाइल वर्गात हवेतच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षणात जे दाखवतात ते जसेच्या तसे रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणून चालत नाही. त्याची किंमत मुले मोजतात, म्हणून हे लिहिते आहे.

रेंज आणि लाइट असेलच, असे धरून चालणे

बाकीच्या सगळ्या चुका एकीकडे आणि ही एकीकडे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकले, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते येऊन गेले. दोन्ही वेळा कित्येक गावांत दिवसच्या दिवस लाइट नव्हती. पण वादळ कशाला हवे? आषाढातली एखादी जोराची सर आली, झाडाची फांदी तारेवर पडली, की काम आटोपले. लाइट गेली की राउटर बंद. थोड्या वेळाने टॉवरची बॅटरीही मान टाकते.

एका कॉलेजात नव्याने लागलेल्या सरांनी अंतर्गत परीक्षा गूगल फॉर्मवर ठेवली. जुलै महिना, प्रथम वर्षाचा वर्ग, साठेक मुले. सरांनी फॉर्म मनापासून बनवला होता, प्रत्येक प्रश्नाला चित्र दिले होते. अकराच्या ठोक्याला लिंक ग्रुपवर पडली आणि सगळ्यांनी एकदमच उघडली. कुणाकडे चित्रे दिसेनात, कुणाकडे पानच उघडेना. तेवढ्यात लाइट गेली. मुले आपापल्या सिमवर आली आणि सगळा भार जवळच्या एकुलत्या एक टॉवरवर पडला. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. “सर, सगळं लिहून झालंय, पण सबमिट केलं की नुसतं फिरतंय.” सर म्हणाले, “रिफ्रेश करून बघ.” तिने केले. ती खात्यात साइन-इन नव्हती, त्यामुळे मसुदा कुठे साठलेलाच नव्हता. उत्तरे गेली ती गेलीच. सकाळच्या पहिल्या एसटीने आलेली, रात्री जागून अभ्यास केलेली मुलगी वर्गाबाहेर येऊन रडत होती. पुढच्या आठवड्यात सगळ्यांची फेरपरीक्षा कागदावर झाली.

सर वाईट नव्हते, घाईत होते. आधी चार मुलांना बसवून, डेटा बंद करून एकदा चालवून बघायला अर्धा तास पुरला असता. हा अर्धा तास कुणालाच द्यायचा नसतो, याचा मला मनापासून राग येतो.

माझी पद्धत साधी आहे. प्रश्नपत्रिकेची पीडीएफ पासवर्ड लावून आदल्या दिवशीच पाठवते. मुले ती घरून, वाडीवरून, रेंज मिळेल तिथून उतरवून आणतात. परीक्षेच्या वेळी पासवर्ड फळ्यावर लिहिते. फाइल उघडायला इंटरनेट लागत नाही. उत्तरे कागदावर. ज्याच्याकडे फोन नाही त्याला छापील प्रत, न मागता.

मूडल, म्हणजे ऑनलाइन वर्ग आणि चाचण्या चालवायचे मोफत सॉफ्टवेअर, वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. त्याच्या मोबाइल ॲपमध्ये ऑफलाइन चाचणी देता येते, पण शिक्षकाने तशी मुभा चालू करावी लागते, आणि वेळेची मर्यादा घातली की ती सोय बंद होते. अनेक जण दोन्ही लावतात आणि मग ॲपला नावे ठेवतात. आणखी एक मार्ग आहे तो मूडलबॉक्सचा. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर मूडल चढवून त्याचेच वायफाय वर्गात सोडायचे. बाहेरचे इंटरनेट नसले तरी टॅब त्याला जोडले जातात, आणि हे यंत्र पॉवरबँकेवर चालते. मात्र सगळा वर्ग एकदम जोडू नका, गट पाडा.

जुन्या फॉन्टमधल्या नोट्स

कॉम्प्युटरवर सुरेख दिसणाऱ्या मराठी नोट्स मुलांच्या फोनवर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला होऊन उघडतात. कारण एकच. श्रीलिपी किंवा डीव्हीबी-टीटीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल तशीच पाठवलेली असते, आणि मुलाच्या फोनवर तो फॉन्ट नसतो. पीडीएफ करून पाठवली तर दिसते, पण त्यात शब्द शोधता येत नाही आणि मजकूर कॉपी केला की पुन्हा तोच काला. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांच्या प्रमाणित पद्धतीत, टाइप करा. जुने साहित्य कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा, कारण नेमके तिथेच बिघडते. “नंतर करू” म्हणणाऱ्यांच्या नोट्स वर्षानुवर्षे तशाच फिरताना मी बघते आहे.

ॲपने सांगितले म्हणून तेच झाड

ही माझ्या विषयातली चूक, पण भूगोल-प्राणिशास्त्रवाल्यांनाही लागू आहे. खाडीवर सहल नेली की मुले फोन काढतात, पानाचा एक फोटो घेतात आणि ॲप देईल ते नाव वहीत उतरवतात. एकदा एकाच तिवराला, म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या खारफुटीच्या झाडाला, तीन फोनांवर तीन नावे आली, त्यातले एक झाड तर खारफुटीचेच नव्हते. चूक ॲपची कमी आणि फोटोची जास्त होती. हिरव्या चकचकीत पानाच्या एका फोटोवरून खारफुटी ओळखणे कुणालाही अवघडच.

मी फोटोंचा क्रम ठरवून दिला आहे: आधी पूर्ण झाड, मग मुळे, मग पानाची वरची बाजू, मग खालची, शेवटी फूल-फळ, आणि शेजारी मोजपट्टी. तिवराच्या पानाची खालची बाजू राखाडी-पांढुरकी असते आणि चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे वर आलेली दिसतात. कांदळ या दुसऱ्या खारफुटीला खोडापासून कमानी टाकत चिखलात उतरणारी आधारमुळे असतात. पान उलटे केले की बारीक ठिपके दिसतात आणि टोकाला छोटासा काटेरी शेवट असतो. चिप्पी ही तिसरी खारफुटी, तिचे फळ गोल, बुडाला चांदणीसारखा निदलपुंज, म्हणजे फुलाचा पाकळ्यांबाहेरचा हिरवा भाग. हे डोळ्यांनी बघून वहीत लिहायचे आणि मगच ॲप उघडायचे. वर्गात खाडीकाठच्या वाडीतला एखादा मुलगा असतोच, त्याला आधी बोलू द्या. त्याला ही झाडे लहानपणापासून माहीत असतात आणि त्या दिवशी तोच शिक्षक असतो.

जीपीएसला इंटरनेट लागते हा गैरसमजही तिथेच काढून टाका. फोन उपग्रहांचे संकेत थेट घेतो, सिम नसले तरी. पहिल्यांदा जागा सापडायला वेळ लागतो एवढेच. तेवढा वेळ उघड्यावर उभे राहायचा धीर मुलांना नसतो, तो शिकवावा लागतो. नोंदींसाठी ओडीके कलेक्ट किंवा कोबोकलेक्ट हे फॉर्म भरायचे ॲप वापरा, फॉर्म जागेवर भरून रेंजमध्ये आल्यावर पाठवता येतो. आणि ते फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, जागेची आणि वेळेची माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

थोडक्यात बाकीच्या

तासाभराचे व्हिडिओ लेक्चर पाठवू नका. एका एमबीपीएसवर ते साडेचारशे एमबीच्या घरात जाते. तेच बोलणे ३२ केबीपीएसच्या ऑडिओत पंधरा एमबीच्या आत बसते. सोबत चार आकृत्या द्या, पुरते.

वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. मुलींना रात्री-अपरात्री नको ते मेसेज येतात आणि त्या सांगत नाहीत. कम्युनिटीच्या घोषणा गटात नंबर झाकलेले राहतात, तो वापरा किंवा गूगल क्लासरूम.

भिजलेला फोन तांदळात ठेवू नका. ॲपलनेही २०२४ मध्ये आपल्या सूचनांत हे स्पष्ट लिहिले. बंद करा, पुसा, चार्जिंगचे पोर्ट खाली धरून हलकेच झटका, पंख्याखाली ठेवा आणि पूर्ण सुकेपर्यंत चार्जरला लावू नका. पावसात बसस्टॉपवरून आलेल्या मुलांना ओल्या बोटांनी स्क्रीन चालवायला लावू नका. पाण्याच्या थेंबांनाही स्क्रीन स्पर्श समजते. कोरडा रुमाल टॅबच्या पेटीतच ठेवा.

स्वतःच्या महागड्या फोनवर तपासून “चालतंय” म्हणू नका. वर्गातला सगळ्यात जुना फोन मागून घ्या आणि त्यावर उघडा.

आणि मेच्या सुट्टीत टॅब पूर्ण उतरलेले किंवा पूर्ण भरलेले कपाटात टाकून जाऊ नका. लिथियम बॅटरी शून्यावर महिनोन्महिने पडली की पुन्हा चार्जच होत नाही, आणि उन्हाळ्याच्या उकाड्यात पूर्ण भरून ठेवली की लवकर खराब होते. निम्म्यावर आणा, स्विच ऑफ करा, सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवा आणि डब्यावर तारीख लिहा. आमच्याकडे प्रयोगशाळेतला शिपाईमामा सुट्टीत मध्ये एकदा येऊन टक्केवारी बघतो आणि नोंदवहीत सही करतो.