मुरुमांच्या खड्ड्यांवर लेझर केल्यानंतर चेहऱ्याची काळजी कशी घ्यावी

मुरुमांचे खड्डे भरण्यासाठी फ्रॅक्शनल सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेझर करतात, तेव्हा चेहऱ्यावर हजारो सूक्ष्म छिद्रं पडतात. दोन छिद्रांमधली कातडी शाबूत असते आणि तिथूनच नवी पेशी सरकत येऊन जखम भरते. हे काम साधारण आठवड्यात उरकतं. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचा खरा प्रश्न पुढच्या महिन्यात उभा राहतो, तो म्हणजे काळे डाग. म्हणून खपल्या पडल्या की काळजी सोडू नका.

एक गोष्ट लेझरच्या आधीच सांगायची. ओठांवर वरचेवर पाण्याच्या फोडांचा पुंजका उठत असेल, तर डॉक्टरांना तसं सांगा. ही नागीण-कुळातली हर्पीस लेझरनंतर चेहराभर पसरू शकते. त्यासाठी गोळ्या आधीपासून सुरू करतात.

पहिले तीन दिवस

पहिले काही तास उन्हाने भाजल्यासारखी आग होते. स्वच्छ सुती कापडात गुंडाळलेला गार पॅक दहा-दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका. सूज दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दिसते, विशेषतः डोळ्यांखाली. दोन उशा घेऊन झोपलात तर ती कमी राहते.

चेहरा धुण्याची पद्धत:

1. आधी हात साबणाने धुवा.
2. उकळून कोमट केलेलं पाणी किंवा सलाईन (निर्जंतुक मिठाचं पाणी) ओंजळीने चेहऱ्यावर सोडा. दिवसातून तीन-चार वेळा. चोळायचं नाही.
3. स्वच्छ मऊ कापडाने टिपून घ्या. घरातला सगळ्यांचा टॉवेल नको.
4. ओलसरपणा असतानाच पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी दिलेलं मलम पातळ लावा. त्वचा नुसती चकाकली पाहिजे. जाड थर दिला की घाम कोंडतो आणि बारीक पांढऱ्या पुळ्या येतात.

चेहरा कोरडा पडू देऊ नका. कोरडी खपली ताणते, तडकते, खाजते. मग हात जातोच.

चौथ्या दिवसापासून

आता चेहरा हाताला बारीक रव्यासारखा खरखरीत लागेल. जवळून पाहिलं तर तपकिरी ठिपक्यांची जाळी दिसेल. हा मळ नाही, छिद्रांतून वर ढकललेली मेलेली कातडी आहे. लेझरपासून पाच ते सात दिवसांत ती आपोआप झडते. त्याआधी, समजा हनुवटीभोवती, ओढून काढली तर तिथे खाली कच्ची, गुलाबी कातडी उघडी पडते आणि नेमका तिथेच डाग किंवा नवा व्रण उरतो. खाज असह्य झाली तर गार पाण्याने टिपा. दाढी खपल्या पूर्ण पडेपर्यंत नाही. नंतरही तुरटी फिरवू नका.

घरातून मायेने येणारे सल्ले इथे ठामपणे थांबवावे लागतात. हळद, लिंबू, बेसन, कोरफडीचा ताजा गर यांतलं काहीही उघड्या त्वचेवर नको. मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइडचं ‘गोरेपणाचं’ क्रीम तर मुळीच नको.

पुढचा महिना

खपल्या पडल्यावर सनस्क्रीन सुरू करा: एसपीएफ 30 किंवा जास्त, झिंक ऑक्साइडचं. त्यात आयर्न ऑक्साइडचा रंग असेल तर उत्तम, कारण नुसत्या दृश्य प्रकाशानेही सावळी त्वचा काळवंडते. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर टोकापासून मुळापर्यंत एकेक रेघ काढा. चेहरा-मानेला तेवढं लागतं. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा, टोपी किंवा छत्रीही घ्या. रेटिनॉइड (व्हिटॅमिन-ए वर्गातलं मुरुमांचं क्रीम), सॅलिसिलिक अ‍ॅसिड, स्क्रब, ब्लीच, थ्रेडिंग हे सगळं डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावरच.

डाग बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात उमटतात. घाबरून घासू नका, डॉक्टरांना दाखवा; योग्य क्रीमने बहुतेक फिकट होतात, पण काही महिने जातात. घरात लग्न असेल तर लेझरची सीटिंग किमान तीन महिने आधी उरका, नाहीतर हळदीचा दिवस नेमका चुकीच्या वेळी येतो.

लगेच डॉक्टर गाठा

दुखणं कमी होण्याऐवजी तिसऱ्या दिवसानंतर वाढलं, पिवळा चिकट पू आला, फोडांचे पुंजके उठले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी जा. डोळ्याजवळ फोड असतील तर रात्रही काढू नका.

खड्डे किती भरले हे दुसऱ्या आठवड्यात ठरवू नका. सूज असताना चेहरा सपाट दिसतो, सूज उतरली की खड्डे परत आल्यासारखे वाटतात. नवं कोलॅजन (त्वचेला आधार देणारं प्रथिन) तीन ते सहा महिने तयार होत राहतं. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी, बाजूने उजेड घेऊन फोटो काढा आणि पुढच्या सीटिंगच्या आधी तेच डॉक्टरांसमोर ठेवा.