कपाटाला इलेक्ट्रॉनिक कुलूप बसवताना

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत मी काही वर्षं स्टोअर सांभाळलं. मोजमापाच्या हत्यारांचं एक लोखंडी कपाट होतं. त्याची किल्ली कॅलेंडरच्या मागे खिळ्याला असायची आणि ही गोष्ट तिन्ही शिफ्टना ठाऊक होती. एकदा एक मायक्रोमीटर सापडेना. तीन दिवस सगळ्यांच्या नजरा एका कंत्राटी मुलावर, कारण तो नवा. चौथ्या दिवशी कळलं की मायक्रोमीटर कॅलिब्रेशनला, म्हणजे माप अचूक दाखवतो का ते तपासायला गेलाय आणि नेणाऱ्याने वहीत लिहिलंच नाही. मुलाने महिन्याभरात काम सोडलं. त्याला कोणी काही बोललं नव्हतं, पण नजरा त्याने ओळखल्या होत्या.

इलेक्ट्रॉनिक कुलूप हवं ते मुख्यतः यासाठी. चोर बळकट असेल तर पत्र्याचं कपाट तो पहारीने उघडेलच. पण कोणी, किती वाजता उघडलं हे लिहिलेलं असलं की संशय सगळ्यांत दुबळ्या माणसावर जाऊन बसत नाही.

आधी कागद, मग कुलूप

दुकानात जाण्यापूर्वी एक तक्ता करा: कपाट कोणतं, आत काय, कोणाला रोज लागतं, कोणाला क्वचित. औषधाच्या दुकानात शेड्यूल एक्समधली, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या यादीतली औषधं वेगळी आणि कुलूपबंद ठेवण्याचं बंधन १९४५ च्या औषध नियमांत आहेच. तशी कायद्याची अट तुमच्या मालाला आहे का, तेही तक्त्यात लिहा. बहुतेक ठिकाणी दहापैकी दोन-तीन कपाटांनाच महागडं कुलूप लागतं. स्टेशनरीच्या कपाटाला साधी किल्ली पुरते.

पिन, कार्ड की बोट?

चार आकडी पिनच्या १०,००० जुळण्या होतात, पण रोज दाबून चार बटणं गुळगुळीत झाली की शोधणाऱ्याला फार शोधावं लागत नाही. शिवाय पिन तोंडातोंडी पसरतो आणि मग नोंदीला अर्थ उरत नाही.

कार्ड घेताना फ्रीक्वेन्सी विचारा. १२५ किलोहर्ट्झची स्वस्त कार्डं फक्त एक नंबर सांगतात. त्यांची नक्कल साध्या यंत्रावर काही मिनिटांत निघते. १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारी, एन्क्रिप्शन असलेली, म्हणजे माहिती सांकेतिक रूपात पाठवणारी कार्डं घ्या, आणि त्यातही नवी पिढी मागा. मायफेअर क्लासिक या जुन्या कार्डाचं एन्क्रिप्शन २००८ सालीच फुटलं आहे.

बोटाचा ठसा सोयीचा वाटतो, पण सिमेंट, ग्रीस आणि पावसाळ्यातले ओले हात यांपुढे सेन्सर हात टेकतो. कष्टाच्या कामाने ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यांना रोज सगळ्यांसमोर पाच वेळा बोट घासायला लावणं मला बरं वाटत नाही. आणि ठसा हा माणसाचा वैयक्तिक डेटा आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात घेऊन तो कशासाठी घेतला, कधी पुसणार, हे लेखी ठेवा. माझं मत सरळ आहे: रोजच्या कपाटाला कार्ड, मौल्यवान मालाला कार्ड आणि पिन दोन्ही.

वीज गेल्यावर काय?

विक्रेत्याला हा प्रश्न पहिला विचारा. काही कुलपं वीज गेली की उघडतात, काही बंदच राहतात. माणसं ये-जा करतात त्या दाराला पहिला प्रकार हवा, नाहीतर आगीच्या वेळी कोणी आत अडकेल. कपाटाला दुसरा. चुंबकी कुलूप वीज असेपर्यंतच धरून ठेवतं, म्हणून ते कपाटाला नकोच.

सेलवर चालणाऱ्या कुलपाला अल्कलाइन सेल घाला. चार्ज होणारे सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्ट देतात आणि कुलूप लवकर कुरकुरतं. बाहेरून ९ व्होल्टची बॅटरी टेकवून उघडायची सोय असलेलं मॉडेल निवडा. १२ व्होल्टच्या यंत्रणेत कंट्रोलर (कुलूप चालवणारा सर्किटचा डबा) आणि रीडर (कार्ड वाचणारं यंत्र) मिळून १५० मिलीअँपिअर घेत असतील, तर ७ अँपिअर-तासाची बॅटरी हिशेबाने ४६ तास चालते. वापरातल्या बॅटरीचे त्याच्या निम्मेच धरा. जूनच्या पहिल्या वाऱ्यात तारांवर फांद्या पडतात, तेव्हा हा हिशेब कामाला येतो.

पाऊस आणि खारी हवा

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्यामुळे कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नका, मागे चार बोटं जागा ठेवा. स्क्रू आणि लॅच (चौकटीत अडकणारी कुलपाची जीभ) स्टेनलेस स्टीलचे घ्या. वास्को, दोना पावलासारख्या किनाऱ्यालगतच्या जागी गंजाला जास्त टिकणारा ३१६ ग्रेड, आत फोंड्याकडे ३०४ चालतं. सेलच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि चवथीच्या सुट्टीआधी झाकण उघडून बघा. स्प्रिंगवर हिरवट थर दिसला तर घासून काढा, सेल बदला.

बसवताना

कॅम लॉकचं (किल्ली फिरवली की मागची पट्टी वळते ते कपाटाचं नेहमीचं कुलूप) भोक बहुधा १९ मिलिमीटरचं असतं. तरी मोजूनच घ्या. तारा आतून न्या. कपाटाची पाठ स्क्रूने बसवलेली असेल तर ती आधी पक्की करा, नाहीतर पुढचं कुलूप व्यर्थ.

आता दार. 'कुलूप बिघडलं' म्हणून आलेल्या तक्रारींत मला बहुतेक वेळा बिजागरी सैल झालेली सापडली. दार खाली झुकतं, लॅच चौकटीला घासतो आणि सोलेनॉइडला (लॅच ओढणाऱ्या विजेच्या चुंबकाला) तो ओढता येत नाही. वर्तमानपत्राची पट्टी दार आणि चौकटीच्या मध्ये धरून दार लावा, पट्टी ओढा. वर सहज सुटली आणि खाली अडकली, तर कुलपाला हात न लावता बिजागरी कसा.

रोजचा वापर

कारखान्यातून आलेला मास्टर कोड पहिल्याच दिवशी बदला. प्रत्येकाचं कार्ड वेगळं ठेवा, 'शिफ्टचं कार्ड' नको. नोकरी सोडणाऱ्याचं कार्ड त्याच दिवशी रद्द करा. कुलपाचं घड्याळ महिन्यातून एकदा जुळवा, कारण वीस मिनिटं मागे पडलेलं घड्याळ नोंद दुसऱ्याच शिफ्टवर घालतं. अडचणीच्या वेळची लोखंडी किल्ली सहीच्या बंद पाकिटात ठेवा. फार मोलाचा माल असेल तर बँकेच्या स्ट्राँगरूमसारखी दोघांच्या हजेरीची अट घाला.

नोंद आठवड्याला वाचा. आणि काही हरवलं तर ज्याचं नाव शेवटी आहे त्याला एकट्याला बोलावून ती ओळ त्याला दाखवा, त्याचं काय म्हणणं आहे ते ऐका. बाकीच्यांशी बोलायचं ते त्यानंतर.