टीव्हीच्याच रिमोटवर चालणारा रास्पबेरी पाय मीडिया बॉक्स

लग्नाचे व्हिडिओ, मुलांची स्नेहसंमेलनं, साठवलेले चित्रपट हे सगळं दिवाणखान्यातल्या टीव्हीवर आजींना कुणालाही हाक न मारता लावता आलं पाहिजे. म्हणजे वेगळा कीबोर्ड नको, टीव्हीचाच रिमोट हवा. रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा कंप्युटर, त्याचा २ जीबीचा बोर्ड एवढ्या कामाला पुरतो.

बोर्डासोबत १६ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड, केस आणि केबल घ्या. केबल पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळेल, पण मायक्रो एचडीएमआयच मागा. मिनी बसत नाही. अडॅप्टरवर पैसे वाचवू नका. ५ व्होल्ट, ३ अँपियरचा चांगला अडॅप्टर हवाच. पडद्यावर विजेचं चिन्ह दिसलं तर वीज कमी पडतेय.

कंप्युटरवर रास्पबेरी पाय इमेजर हे कार्ड तयार करणारं सॉफ्टवेअर उघडा, मीडिया प्लेअरच्या यादीतून लिब्रेइलेक निवडा आणि कार्डावर लिहा. लिब्रेइलेक ही बोर्डाची ऑपरेटिंग सिस्टिम. व्हिडिओ दाखवणारं कोडी हे सॉफ्टवेअर त्यातच असतं. एचडीएमआय केबल पॉवरच्या शेजारच्या पोर्टात लावा, आधी टीव्ही सुरू करा, मग बोर्ड. वाय-फाय जोडा, सांबा (घरच्या नेटवर्कवरून फाईल पाठवायची सोय) चालू ठेवा, एसएसएच (दुसऱ्या कंप्युटरवरून कमांड द्यायची सोय) बंद.

आता रिमोट. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे टीव्हीच्या रिमोटचे इशारे एचडीएमआय केबलमधून बोर्डाला देणारी सोय, चालू करा. सॅमसंगवर त्याला एनीनेट प्लस म्हणतात, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक. तरी बाण चालले नाहीत तर केबल बदलून बघा. सीईसीचा संदेश एचडीएमआयच्या १३ नंबरच्या पिनवरून जातो आणि काही स्वस्त केबलमध्ये ती तारच नसते. मग कोडीच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, इनपुट, पेरिफेरल्स असं जाऊन सीईसी अडॅप्टर उघडा. ‘टीव्ही बंद झाल्यावर’ या पर्यायात ‘दुर्लक्ष करा’ निवडा. तिथे शटडाऊन असेल तर टीव्ही बंद होताच बोर्डही बंद पडतो, आणि रिमोटने तो पुन्हा सुरू होत नाही. आजींना प्लग काढून लावावा लागतो. चालू राहिला तरी रिकामा बोर्ड जेमतेम तीनेक वॅट खातो.

हार्डडिस्क निळ्या यूएसबी पोर्टात लावा. मोठी, साडेतीन इंची असेल तर तिला स्वतःचा अडॅप्टर लागतो. चित्रपट आणि मालिका वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, फाईलच्या नावात वर्ष घाला. मग कोडी इंटरनेटवरून आणतं ती पोस्टर अचूक येतात. घरच्या व्हिडिओंच्या फोल्डरला मात्र प्रकार ‘काहीही नाही’ द्या, नाहीतर बारशाच्या व्हिडिओवर भलत्याच सिनेमाचं पोस्टर चिकटतं.

सगळं बसलं की लिब्रेइलेकच्या सेटिंगमधून बॅकअप घ्या आणि ती फाईल कंप्युटरवर उतरवून ठेवा. वीज अचानक गेली की कार्ड बिघडू शकतं. बॅकअप हाताशी असेल तर नव्या कार्डावर सगळं परत आणता येतं.