पोर चावतं, डोकं आपटतं, तेव्हा आधी काय बघायचं

ऑटिझम किंवा बौद्धिक अक्षमता असलेलं मूल अचानक मारायला, चावायला लागलं की घरात पहिलं ऐकू येतं ते "लाडावलंय" नाहीतर "दिष्ट लागली", मग कोणतरी नारळ ओवाळून टाकतं. ओवाळा, काही बिघडत नाही, पण त्याच दिवशी डॉक्टरकडेपण न्या. किडलेली दाढ, कानदुखी, बद्धकोष्ठ, ॲसिडिटी, झोप न होणं, फिट्स, मुलींची पाळी, यातलं काहीही असू शकतं, आणि ज्याला बोलून सांगता येत नाही तो हातापायांनीच सांगणार ना.

दुखणं नाही म्हटल्यावर एक वही करा. दर वेळी तीन गोष्टी लिहायच्या, अगदी आधी काय घडलं, त्याने काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. "खूप चिडला" लिहून काही कळत नाही, "स्वतःच्या मनगटाला चावला, संध्याकाळी सातला" असं लिहा. थोडे दिवस लिहिलंत की दिसायला लागतं, त्याला काहीतरी हवंय, कशातून तरी सुटायचंय, कुणाचं लक्ष हवंय, की शरीरालाच ते बरं वाटतंय.

आता चवथीचंच, म्हणजे गणेश चतुर्थीचंच घ्या. घुमट (मातीचं चामडं लावलेलं वाद्य), झांजा, बाहेर फटाके, घरभर पाव्हणे, आणि आरती काही संपत नाही. पोर चावतं, आई त्याला आतल्या खोलीत नेते, ते गप्प होतं. म्हणजे चावलं की सुटका, हे त्याला बरोब्बर कळलं, पुढच्या आरतीला ते लवकर चावणार. ओरडून हे जात नाही. सुटका मागायची दुसरी रीत द्यावी लागते, दाराचा फोटो चिकटवलेलं एक कार्ड, किंवा हाताची खूण. चुळबुळ सुरू झाली की चावायच्या आधीच त्याचा हात धरून कार्ड द्यायला लावा आणि लगेच बाहेर न्या, आरती अर्धी असली तरी, काका काय म्हणतील ते म्हणोत. कार्डने काम चावण्यापेक्षा लवकर झालं पाहिजे, नाहीतर ते कशाला वापरेल? आवाज बंद करणारे हेडफोन आणि आरती, जेवण, झोपाळा अशी फोटोंची पट्टी सकाळीच दाखवून ठेवलीत तर निम्मी कटकट वाचते.

किंचाळलं की मोबाईल मिळायचा आणि आता तुम्ही द्यायचा बंद केलात, तर सुरवातीला किंचाळणं वाढतं. तेव्हा आजोबांनी हळूच दिला की झालं, एवढं किंचाळलं की मिळतो हे पक्कं होतं. त्यामुळे घरात सगळ्यांचं आधी ठरू दे. मात्र डोकं आपटत असेल तर "दुर्लक्ष करा" हा सल्ला चालत नाही, मध्ये उशी घाला, आजूबाजूच्या वस्तू हलवा, कमी बोला. मारायचं नाही, बांधायचं तर नाहीच.

रिस्पेरिडोनसारखी चिडचिड कमी करणारी औषधं काहींना उपयोगी पडतात, पण भूक आणि वजन वाढतं, सुस्ती येते, म्हणून शेजारच्या मुलाचं प्रिस्क्रिप्शन बघून देऊ नका. गोव्यात असाल तर बांबोळीला जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज) आहे, आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार हॉस्पिटल आहे, तिथे दाखवा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला 1 लाखापर्यंत कव्हर असतं, थेरपीपण येते त्यात, फॉर्म भरून टाका.

जाताना वही न्या आणि मोबाईलवर एक व्हिडिओपण, कारण डॉक्टरसमोर पोर हमखास शहाण्यासारखं बसतं.