‘डॉक्टर हू’ पाहायला सुरुवात कुठून करावी

बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली ‘डॉक्टर हू’ ही, ‘डॉक्टर’ नावाच्या काळप्रवासी परग्रहवासीयाची विज्ञानकथा-मालिका अगदी पहिल्या भागापासून क्रमाने पाहण्याचा हट्ट नवख्या प्रेक्षकाने धरू नये, कारण साठच्या दशकातील बरेच भाग टेप पुसल्या गेल्यामुळे आज उपलब्धच नाहीत. १९८९ मध्ये थांबलेली मालिका २००५ मध्ये नव्याने सुरू झाली आणि तिथला ‘रोझ’ हा पहिला भाग सुरुवातीला सर्वांत योग्य आहे. लंडनच्या एका मोठ्या दुकानात काम करणारी मुलगी तळघरात जाते, कपडे मांडायचे पुतळे हलू लागतात आणि एक अनोळखी माणूस, म्हणजेच डॉक्टर, तिचा हात धरून तिला पळायला सांगतो. तिला जेवढे ठाऊक तेवढेच आपल्याला, त्यामुळे मागचे काही माहीत नसले तरी अडत नाही. सुरुवातीच्या भागांतील दृश्य-करामती आज जुनाट वाटतील, तरीही नवव्या-दहाव्या भागापर्यंत धीर धरावाच. बॉम्बवर्षावातल्या लंडनमध्ये गॅस मास्क लावून आईला शोधत फिरणारा तो मुलगा मी अजून विसरलेलो नाही. पर्वाच्या अखेरीस नायकाचा चेहराच बदलतो. मरणाच्या दारातला डॉक्टर नवे शरीर धारण करतो, ही कल्पना १९६६ पासूनची आहे. नवा नट परका वाटला, तरी त्याला तीन-चार भाग द्यावेत.