सबवूफर बॉक्समध्ये किती जागा खातो? प्लाय कापण्याआधीचा हिशोब

ड्रायव्हर (म्हणजे बॉक्सशिवायचा सुटा स्पीकर) मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, बॉक्स डिझाइनचं सॉफ्टवेअर तुम्हाला सांगतं ते निव्वळ आकारमान, म्हणजे बॉक्समध्ये प्रत्यक्ष हवेसाठी उरलेली जागा. सुताराला मात्र बाहेरची मापं हवी असतात. या दोन आकड्यांच्या मध्ये ड्रायव्हर, पोर्टचा (बॉक्समधली हवा आत-बाहेर खेळवणाऱ्या भोकाचा) पाइप आणि आधाराच्या पट्ट्या बसतात. त्यांची जागा न धरता प्लाय कापला की बॉक्स छोटा होतो आणि मग तो मोठा करता येत नाही.

आधी ड्रायव्हरचं माहितीपत्रक बघा. त्यात 'डिस्प्लेसमेंट' लिटरमध्ये किंवा घनफुटात दिलं असेल तर तोच आकडा धरा (१ घनफूट म्हणजे २८.३ लिटर). स्वस्त ड्रायव्हरसोबत बऱ्याचदा असा कागदच नसतो. मग मोजपट्टी घ्यायची.

मोजताना बरेच जण बास्केटची, म्हणजे ड्रायव्हरच्या सांगाड्याची, बाहेरची रेघ धरून सगळा भाग भरीव समजतात. पण बास्केटच्या दांड्यांमधून बॉक्सची हवा खेळत असते, ती जागा बॉक्सचीच. कोनच्या (आवाज काढणाऱ्या हलत्या शंकूच्या) पुढची पोकळी मात्र बाहेरच्या खोलीची. म्हणून वजा करायचा तो कोन आणि मॅग्नेट.

समजा १२ इंची ड्रायव्हर आहे. मॅग्नेटचा व्यास १६ सेंमी, जाडी ५ सेंमी. तो दंडगोल, त्यामुळे π × ८² × ५ = साधारण १००० घनसेंमी, म्हणजे १ लिटर. कोन वरच्या बाजूला २५ सेंमी रुंद, व्हॉइस कॉइलपाशी (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीपाशी) ६.५ सेंमी, खोली ७ सेंमी. यातली १.८ सेंमी खोली १८ मिमी प्लायच्या भोकातच जाते. म्हणजे आत ५.२ सेंमी उरते आणि तिथे कोनची रुंदी साधारण २०.२ सेंमी असते. आता शंकूच्या तुकड्याचं सूत्र: π × उंची ÷ १२ × (मोठा व्यास² + मोठा × छोटा + छोटा व्यास²). उत्तर येतं सुमारे ८०० घनसेंमी. फ्रेमचा धातू आणि स्पायडर (कॉइलला मधोमध धरणारी लवचीक चकती) यांचे ढोबळ ०.३ लिटर धरले की एकूण २.१ लिटर. हाच ड्रायव्हर बास्केटसकट भरीव धरला असता तर आकडा पावणेचार लिटरच्या आसपास गेला असता.

काही जण ड्रायव्हर पिशवीत गुंडाळून पाण्यात बुडवतात. नव्या ड्रायव्हरशी असा खेळ करू नका. वाळूत पुरून मोजणं त्याहून वाईट, कारण वाळूतले लोखंडाचे कण मॅग्नेटला चिकटतात आणि कॉइल हलते त्या फटीत गेले की कॉइल खरवडतात.

पोर्ट बहुतेकदा ड्रायव्हरपेक्षा जास्त जागा घेतो. ११० मिमीचा पीव्हीसी पाइप ३३ सेंमी लांब असेल तर प्लायमधले १.८ सेंमी सोडून आत ३१.२ सेंमी राहतात. हिशोब पाइपच्या बाहेरच्या व्यासाने करायचा, कारण आतली हवा बॉक्सच्या आकारमानात धरत नाहीत: π × ५.५² × ३१.२ = जवळजवळ ३ लिटर. एल्बो लावणार असाल तर तोही मोजा. ४ × ४ सेंमीच्या, ३१ सेंमी लांब दोन पट्ट्या आणखी १ लिटर खातात. ड्रायव्हरचे २.१ धरून बेरीज ६.१ लिटर. निव्वळ ५० लिटर हवे असतील तर बॉक्सची आतली जागा ५६.१ लिटर लागेल. आतलं प्रत्येक माप ठरलं की त्यात ३.६ सेंमी मिळवून सुताराला द्या. तो सुतात (इंचाच्या आठव्या भागात) मोजत असेल तर प्लायची जाडी त्याच्यासमोर मोजून घ्या, कारण १८ मिमीचा प्लाय नेमका पाऊण इंची नसतो. मुंबईच्या पावसाळ्यात एमडीएफ फुगतो, म्हणून मी मरीन प्लायच सुचवेन.

एवढी काळजी कुठे लागते? सीलबंद बॉक्स बराच सोशीक असतो. ३० लिटरमधले दोन लिटर धरायचे राहिले तरी रेझोनन्स (ड्रायव्हर बॉक्समध्ये आपसूक कंप पावतो ती फ्रिक्वेन्सी) चार टक्क्यांहून कमी सरकतो. पोर्टेड बॉक्समध्ये वरच्या उदाहरणातले ६.१ लिटर विसरलात तर ३५ हर्ट्झचं ट्यूनिंग (पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलेला असतो ती) ३७ च्या पुढे जातं, आणि त्याखाली कोन मोकाट हलू लागतो. ड्रायव्हरचे स्वतःचे थील-स्मॉल आकडेही (बॉक्सच्या हिशोबाला लागणारी त्याची मोजमापं) नगागणिक दहा टक्के इकडेतिकडे असतात, तेव्हा अर्ध्या लिटरसाठी झोप घालवू नका. मॅग्नेट बाहेर ठेवून ड्रायव्हर उलटा बसवणार असाल तर गणितही उलटतं: कोनची पोकळी बॉक्समध्ये मिळवायची, मॅग्नेट धरायचाच नाही.

पाइप हिशोबापेक्षा दोन-तीन सेंमी लांब कापा आणि लगेच चिकटवू नका. बॉक्स बंद करून इम्पीडन्स (ड्रायव्हरचा विजेला होणारा विरोध) वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींना मोजला की आलेखातल्या दोन शिखरांमधल्या दरीची फ्रिक्वेन्सी दिसते, तेच खरं ट्यूनिंग. ते खाली आलं असेल तर पाइप थोडा थोडा कापत वर आणता येतं.