पाच मशीनचं डायलिसिस सेंटर: आधी पाणी, मग मशीन

डायलिसिस मशीनचा बाजार जगभर वाढतोय. तालुक्याच्या हॉस्पिटललाही आता जर्मन, जपानी आणि भारतीय बनावटीच्या मशीनची कोटेशनं मिळतात. त्यात मशीनचं वर्णन भरपूर असतं आणि शेवटी एक ओळ: 'आरओ प्लांट, १ नग'. खरेदीची सुरुवात त्या ओळीपासून करा.

डायलिसिसमध्ये साधारणपणे मिनिटाला ५०० मिली द्रव, म्हणजे बहुतेक पाणीच, डायलायझरमधून (रक्त गाळणाऱ्या नळकांड्यातून) वाहतो. चार तासांत १२० लिटर, आठवड्याच्या तीन डायलिसिसचे ३६० लिटर. रक्त आणि ते पाणी यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा. पोटात गेलेल्या पाण्यातलं काही आतडं अडवतं, काही किडनी बाहेर टाकते. इथे दोन्ही सोयी नाहीत.

प्लांट केवढा

पाच मशीन एकदम चालली तर ताशी १५० लिटर शुद्ध पाणी लागतं. मशीन धुणं, निर्जंतुकीकरण आणि डायलायझर पुन्हा वापरत असाल तर त्याची धुलाई धरून ताशी ३०० लिटरचा प्लांट घ्या. पाटीवरचा आकडा २५ अंश तापमानाचा असतो, हे विक्रेता सहसा सांगत नाही. पाणी एका अंशाने गार झालं की उत्पादन सुमारे ३ टक्के घटतं. विदर्भात डिसेंबरच्या पहाटे टाकीतलं पाणी १८ अंशांवर आलं, तर ३०० चे २४० उरतात.

निम्मं पाणी रिजेक्टमध्ये (आरओ बाहेर टाकतो त्या पाण्यात) जातं असं धरा, म्हणजे कच्चं पाणी ताशी ६०० लिटर. दोन शिफ्टच्या सेंटरला दिवसाला सुमारे ४,००० लिटरची सोय हवी. रिजेक्ट पाणी गटारात सोडू नका, फ्लश आणि फरशीसाठी वेगळ्या टाकीत घ्या.

कार्बन: इथे काटकसर नको

क्लोरिन आणि क्लोरामाइन आरओ नीट अडवत नाही, उलट क्लोरिनमुळे मेंब्रेनच (आरओचा पडदा) खराब होतं. क्लोरामाइन रक्तात गेलं की तांबड्या पेशी फुटतात. त्याला अडवतो तो कार्बन, तोही पाणी त्यात पुरेसा वेळ राहिलं तरच. दोन टाक्या एकामागे एक बसवा. प्रत्येकीत पाणी ५ मिनिटं, एकूण १० मिनिटं राहिलं पाहिजे. ताशी ६०० लिटर म्हणजे मिनिटाला १० लिटर, म्हणून प्रत्येक टाकीत किमान ५० लिटर दाणेदार कार्बन. कोटेशनमधली टाकी लहान असेल तर हा हिशेब विक्रेत्यासमोर कागदावर मांडा.

तपासणी रोज, प्रत्येक शिफ्टआधी. प्लांट १५ मिनिटं चालू द्या आणि पहिल्या टाकीनंतरचा नमुना घ्या. एकूण क्लोरिन लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त आलं तर दुसऱ्या टाकीनंतरचा नमुना बघा. तो ठीक असेल तर काम चालू ठेवा, पण तपासणी वाढवा आणि कार्बन तातडीने बदला. तोही जास्त असेल तर एकही पेशंट मशीनला लावू नका. किट 'टोटल क्लोरिन'चंच हवं. ग्रामपंचायतीची ओटी टेस्ट इथे चालणार नाही. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडली की नाही एवढंच ती सांगते. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरला तर क्लोरिनही दिसत नाही आणि जंतूही.

टँकर आला की ही तपासणी पुन्हा करा, कारण टीसीएल हाताच्या अंदाजाने टाकतात. हिरवट पाण्याचा टँकर परत पाठवा. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात एका सेंटरला टँकरने आलेल्या जलाशयाच्या पाण्यात शेवाळाचं विष होतं. यकृत निकामी होऊन ५० हून अधिक पेशंट दगावले.

बाकीची साखळी

वाळूचा फिल्टर, सॉफ्टनर (पाण्याची कठीणता काढणारा), कार्बन, ५ आणि १ मायक्रॉनची कार्ट्रिज, मग आरओ. बोअरचं पाणी लिटरला ४०० मिलिग्रॅम कठीणतेचं असेल तर ४,००० लिटरमध्ये १.६ किलो क्षार येतात. सॉफ्टनरमधलं एक लिटर रेझिन साधारण ५० ग्रॅम क्षार धरतं. म्हणजे ५० लिटर रेझिनला रोज रात्री मिठाचं पाणी द्यावंच लागेल. मिठाची टाकी रिकामी राहिली की आधी मेंब्रेनवर क्षार बसतात.

पावसाळ्यात गढूळ टाकीत कुणीतरी चांगल्या हेतूने तुरटी फिरवतं. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम डायलिसिसच्या पेशंटची हाडं आणि मेंदू खराब करतं; मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. टाकीला कुलूप लावा.

आरओनंतर तांबं, पितळ, जीआय काहीही नको, चांगल्या प्रतीचा पीव्हीसी किंवा स्टेनलेस स्टील वापरा. पाइप मशीनपर्यंत जाऊन परत फिरणारा लूप असावा. पुढे मशीन वाढवायची म्हणून सोडलेला बंद तुकडा ही जंतूंची पैदासच. साठवण टाकी लागलीच तर निमुळत्या तळाची घ्या.

नमुने आणि धोक्याच्या खुणा

दर महिन्याला लूपच्या शेवटाहून कल्चर (जंतू वाढवून मोजणं) आणि एंडोटॉक्सिनचे (जंतूंच्या विषाचे) नमुने पाठवा. जंतू मिलीला १०० च्या आत हवेत, पण ५० झाले की लूपचं निर्जंतुकीकरण करा. एंडोटॉक्सिन मिलीला ०.२५ युनिटच्या आत. लॅबला 'डायलिसिसचं पाणी' असं लिहून द्या. नेहमीच्या ३७ अंशांवरच्या दोन दिवसांच्या कल्चरमध्ये हे जंतू अनेकदा वाढतच नाहीत आणि 'नो ग्रोथ'चा गोड रिपोर्ट येतो.

एकाच शिफ्टमध्ये दोघा-तिघांना थंडी वाजली तर संशय पाण्यावर घ्या. मळमळ, उलट्या आणि चढलेलं बीपी एकदम अनेकांत दिसलं तर सॉफ्टनर आणि आरओ बघा. ट्यूबमधलं रक्त चेरीसारखं लालभडक आणि पारदर्शक दिसलं तर पंप बंद करा, ट्यूब क्लॅम्प करा, ते रक्त पेशंटला परत देऊ नका आणि डॉक्टरांना बोलवा.

मग मशीन

सर्व्हिस इंजिनिअर किती तासांत पोहोचेल, हे करारात लिहून घ्या. डायलिसिसचा द्रव बनवायचं अ‍ॅसिड कॉन्सन्ट्रेट मशीनला १ भागाला ३४ भागांचं चालतं की ४४ भागांचं, ते पाहूनच कॅन मागवा. आणि हिपॅटायटिस बीच्या पेशंटसाठी एक मशीन कायमचं बाजूला ठेवावं लागतं, तेव्हा पाच मशीनच्या सेंटरचं वेळापत्रक चार मशीनवर बसवा.